पुस्तकांच्या दुकानांसाठी पोर्तुगाल : आठ दिवसांच्या प्रवासाची आखणी

जगातील सुंदर पुस्तकदुकानांची छायाचित्रे पाहून प्रवासाची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण ब्युनोस आयर्सच्या जुन्या नाट्यगृहातील एल अतेनेओ, मास्त्रिख्तच्या डोमिनिकन चर्चमधील दुकान आणि पुराचे पाणी आत शिरते म्हणून होडीत व न्हाणीच्या टबात पुस्तके ठेवणारे व्हेनिसचे दुकान ही ठिकाणे एका प्रवासात बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवलीच तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. अर्ध्या तासात छायाचित्रे निघतात, पुस्तक निवडून होत नाही. म्हणून माझे मत असे आहे की एकच देश घ्यावा, त्यातील चार-पाच दुकाने ठरवावीत, प्रत्येकाला पुरेसा वेळ द्यावा आणि प्रत्येकातून किमान एक पुस्तक घेऊनच बाहेर पडावे.

या हेतूसाठी पोर्तुगाल मला सर्वांत योग्य वाटतो. १७३२ पासून चालत आलेले आणि जगातील सर्वांत जुने चालू पुस्तकदुकान म्हणून गिनेसने नोंदवलेले बर्ट्रांड लिस्बनमध्ये आहे, १९०६ मध्ये उघडलेले लेलो पोर्तोमध्ये आहे, जुन्या छापखान्यातील लेर देव्हगार पुन्हा लिस्बनमध्येच आहे आणि चर्चचे पुस्तकदुकान झाल्याचे पाहायचे असेल तर ओबिदुश हे तटबंदीचे गाव लिस्बनपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. शिवाय गोव्यामुळे मराठी वाचकाला तिथे काही शोधण्यासारखेही आहे.

पहिली पायरी : काय शोधायचे ते घरीच ठरवावे

पुस्तकाच्या दुकानात रिकाम्या मनाने शिरणे रम्य असते, पण परक्या भाषेच्या दुकानात त्याचा परिणाम असा होतो की माणूस छत आणि जिना पाहून परत येतो. म्हणून निघण्यापूर्वी एक-दोन विषय पक्के करावेत. ज्यांना साहित्यात रस आहे त्यांनी फर्नांदो पेसोआ, एसा द केइरोश आणि १९९८ चे नोबेल मिळवणारे जुझे सारामागो यांची इंग्रजी भाषांतरे डोळ्यांसमोर ठेवावीत. ती मोठ्या दुकानांत सहज मिळतात.

ज्यांना इतिहासात रस आहे त्यांच्यासाठी वाट अधिक समृद्ध आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये पोर्तुगीज जहाजातून गोव्यात आला. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा भारतीय वनस्पती आणि औषधांवरील पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन अक्षरांत छापून निघाले. त्या काळच्या मूळ प्रती हाती लागण्याची आशा धरू नये. मात्र ऑर्ताच्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या, कुन्या रिव्हारा यांनी एकोणिसाव्या शतकात गोव्यातून प्रकाशित केलेले दस्तऐवजांचे खंड आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांवर पोर्तुगीजमध्ये लिहिणारे गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांची पुस्तके जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे विचारण्याजोगी आहेत. लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव आणि प्रकाशनवर्ष रोमन लिपीत एका कागदावर स्वच्छ लिहून न्यावे. दुकानात तोंडी उच्चारापेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो.

चार शब्द पाठ करून जावेत. पुस्तकाला ‘लिव्रु’ म्हणतात आणि पुस्तकाच्या दुकानाला ‘लिव्रारिया’. आत शिरताना ‘बोम दिया’ म्हणावे, निघताना आभार मानायचे तर पुरुषाने ‘ओब्रिगादू’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. ‘तेम लिव्रुश सोब्र अ इंडिया?’ म्हणजे ‘भारतावरची पुस्तके आहेत का?’ एवढा एक प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला की विक्रेता स्वतःहून शिडी लावतो. आपण पुस्तके ठेवतो ती अलमारीही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आली आहे. चावी, साबण आणि पगार हे शब्दही तिथलेच.

दुसरी पायरी : महिना आणि वार

जुलै-ऑगस्ट टाळावे. त्या दिवसांत ऊन कडक असते आणि लेलोसारख्या ठिकाणी गर्दी इतकी असते की कपाटापर्यंत पोहोचणेही अवघड होते. दोन काळ उत्तम आहेत. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत लिस्बनच्या एदुआर्दू सातवा उद्यानात पुस्तकमेळा भरतो. १९३० पासून चालत आलेला हा मेळा उघड्यावर, उताराच्या हिरवळीच्या दोन्ही बाजूंनी भरतो आणि तिथे जुन्या पुस्तकांची दालनेही असतात. दुसरा काळ ऑक्टोबरचा. तेव्हा ओबिदुशला ‘फोलिओ’ हा साहित्य महोत्सव होतो. महोत्सवाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या पाहून घ्याव्यात.

वारांची मांडणीही महत्त्वाची आहे. लिस्बनच्या शियादू भागातील रुआ आंशिएता या छोट्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांचा बाजार फक्त शनिवारी भरतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लिस्बनला पोहोचावे, शनिवार शियादूला द्यावा, रविवार लेर देव्हगारला, सोमवार सारामागो प्रतिष्ठानला, मंगळवारी ओबिदुशला मुक्काम करावा, बुधवारी लिस्बनला परतून दुपारच्या गाडीने पोर्तोला जावे आणि गुरुवार-शुक्रवार पोर्तोसाठी ठेवावेत. लेलोसाठी शनिवार-रविवार टाळला जातो, हा या क्रमाचा दुसरा लाभ.

तिसरी पायरी : कागदपत्रे आणि तिकिटे

पोर्तुगालसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे आहे. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. लिस्बन ते पोर्तो हा रेल्वेप्रवास जलद गाडीने सुमारे ३ तासांचा आहे आणि तिकीट आगाऊ काढल्यास पुष्कळ स्वस्त पडते. लेलोचे प्रवेशपत्र मात्र वेळेसह आरक्षित करावे लागते; त्याविषयी पुढे सांगितले आहे. बाकी कोणत्याही दुकानासाठी आरक्षण लागत नाही.

पुस्तकांच्या खर्चाचा अंदाज बांधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोर्तुगालमध्ये १९९६ पासून पुस्तकांच्या निश्चित किमतीचा कायदा आहे, त्यामुळे नुकत्याच प्रकाशित झालेल्या पुस्तकावर विक्रेत्याला एरवी १० टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही. म्हणजे नव्या पुस्तकासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही, आणि साखळी दुकानात तेच पुस्तक फार स्वस्त मिळेल ही भीतीही नाही. जे दुकान आवडले तिथेच ते विकत घ्यावे. छोटी दुकाने तग धरून राहावीत म्हणून केलेली ही व्यवस्था मला मनापासून पटते. जुन्या पुस्तकांना हा नियम लागू नाही. तिथे तीन-चार पुस्तके एकत्र घेताना नम्रपणे विचारायला हरकत नसते.

चौथी पायरी : शनिवारी शियादू

बाइशा-शियादू मेट्रो स्थानकातून शियादूच्या बाजूला बाहेर पडले की ‘अ ब्राझिलेइरा’ हे जुने कॉफीगृह आणि त्यासमोर बसलेला पेसोआचा कांस्यपुतळा दिसतो. तिथून रुआ गार्रेतवर उतरणीला लागल्यावर निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली बर्ट्रांडची दर्शनी भिंत येते. या चकचकीत रंगीत फरशांना ‘अझुलेझू’ म्हणतात आणि पुढे पोर्तोपर्यंत त्या आपली सोबत करतात.

बर्ट्रांडची स्थापना पेद्रो फोर या फ्रेंच पुस्तकविक्रेत्याने १७३२ मध्ये केली. पुढे बर्ट्रांड घराणे त्यात आले. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बन कोसळले तेव्हा हे दुकानही गेले. काही वर्षे शहरात दुसरीकडे व्यवसाय करून १७७३ मध्ये ते आजच्या रस्त्यावर आले आणि तेव्हापासून तिथेच आहे. बाहेरून दुकान लहान वाटते, पण आत एकामागून एक कमानींची दालने लागत जातात आणि त्यांना पोर्तुगीज लेखकांची नावे दिलेली आहेत. पाहण्याची रीत अशी ठेवावी की प्रथम काहीही हातात न घेता थेट शेवटच्या कॉफीच्या दालनापर्यंत जावे आणि मग परतताना एकेक दालन सावकाश पाहावे, म्हणजे इंग्रजी भाषांतरे कुठे, कविता कुठे, लिस्बनविषयीची पुस्तके कुठे याचा नकाशा मनात बसतो. पुस्तक घेतल्यावर पैसे देताना शिक्का मागावा. ‘हे पुस्तक जगातील सर्वांत जुन्या चालू पुस्तकदुकानातून घेतले’ अशा अर्थाचा शिक्का पुस्तकात उमटवून दिला जातो. न मागितल्यास तो राहून जाऊ शकतो.

रुआ आंशिएता बर्ट्रांडच्या कडेनेच खाली जाते. खरे म्हणजे तिथे सकाळी आधी जावे आणि नंतर बर्ट्रांडमध्ये यावे, कारण चांगली जुनी पुस्तके दुपारपर्यंत संपतात. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला पोर्तुगीजमध्ये ‘अल्फर्राबिश्ता’ म्हणतात, आणि हा शब्द दहाव्या शतकातील तत्त्वज्ञ अल्-फाराबी याच्या नावावरून आला आहे. जाडजूड जुन्या ग्रंथाला त्याच्या नावाने ओळखू लागले आणि पुढे तो विकणाऱ्यालाही. मुंबईत फोर्टच्या पदपथावर पुस्तके चाळलेल्या माणसाला या रस्त्यावर लगेच सरावल्यासारखे वाटते: जमिनीवर खोकी, टेबलांवर नकाशे, जुनी पोस्टकार्डे आणि विक्रेत्यांचे आपापसांतले बोलणे.

इथे आपला कागद बाहेर काढावा. शोधताना ‘इंडिया पुर्तुगेझा’ म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थान हा शब्दप्रयोग वापरावा, कारण विक्रेते त्या नावाखाली पुस्तके वेगळी ठेवतात. पुस्तक हाती आले की चार गोष्टी तपासाव्यात: नामपृष्ठ शाबूत आहे का, शेवटचे पान आणि नकाशे फाडून काढलेले नाहीत ना, कसरीची भोके मजकुरात शिरली आहेत का, आणि बांधणी नवी असल्यास आतील पाने ओळीने आहेत का. १०० वर्षांपेक्षा जुने पुस्तक घेतले तर ते देशाबाहेर नेण्यासाठी परवानगी लागेल का हे विक्रेत्यालाच विचारावे आणि पावती पुस्तकासोबत जपावी.

पाचवी पायरी : रविवारी लेर देव्हगार

‘लेर देव्हगार’ म्हणजे ‘सावकाश वाचणे’. १९९९ मध्ये बायरू आल्तू भागात सुरू झालेले हे दुकान २००९ मध्ये अल्कांतारा येथील एलएक्स फॅक्टरी या जुन्या कारखान्यांच्या आवारात आले. १५ क्रमांकाच्या ट्रामने काल्व्हारियू थांब्यावर उतरले की आवाराचे फाटक पाच मिनिटांवर आहे. डोक्यावरून २५ एप्रिल पुलाची वाहने घोंघावत असतात आणि खाली, एके काळी जिथे छपाई चालत असे त्या उंच दालनात पुस्तके छतापर्यंत चढलेली दिसतात.

या दुकानाचे सौंदर्य लेलोपेक्षा अगदी वेगळ्या जातीचे आहे. इथे कोरीव काम नाही, सोनेरी मुलामा नाही. भले मोठे छापण्याचे यंत्र जागच्या जागी आहे आणि त्याच्याभोवती मजले व जिने उभे केले आहेत. छतापासून पंखांची सायकल चालवणारी आकृती टांगलेली आहे आणि बहुतेक छायाचित्रे तिचीच निघतात. पण खरा अनुभव यंत्राजवळ उभे राहून वर पाहण्यात आहे, कारण पुस्तक जिथे छापले जाई तिथेच ते विकले जात आहे ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही प्रसिद्ध दुकानात इतकी ठळक दिसत नाही. वरच्या मजल्यावर त्या आकृतीच्या कलाकाराची इतर यांत्रिक खेळणीही पाहायला मिळतात.

रविवारी आवारात हस्तकलेचा बाजार असतो, त्यामुळे दुपारनंतर गर्दी होते. सकाळी दुकान उघडताच जावे, पुस्तके निवडावीत, आणि एखादे घेऊन तिथल्याच कॉफीच्या टेबलावर बसून त्याचे पहिले प्रकरण वाचावे. दुकानाच्या नावाचा मान राखायचा तर एवढे केलेच पाहिजे.

सहावी पायरी : सोमवारी काझा दुश बिकुश

सारामागो प्रतिष्ठान २०१२ पासून लिस्बनच्या नदीकाठच्या काझा दुश बिकुश या वास्तूत आहे. तिची दर्शनी भिंत हिऱ्याच्या पैलूंसारख्या टोकदार दगडांनी भरलेली असून वास्तू सोळाव्या शतकातली आहे. ती बांधली ब्राश द अल्बुकर्क याने, म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलाने. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागोंच्या अस्थी आहेत. आत त्यांच्या पुस्तकांच्या अनेक भाषांतील आवृत्त्यांचे प्रदर्शन आणि छोटे विक्रीदालन आहे. दीड तास पुरतो.

सातवी पायरी : ओबिदुश

लिस्बनच्या कांपू ग्रांद स्थानकाजवळून ओबिदुशची थेट बस मिळते आणि ती सुमारे तासाभरात पोहोचवते. रेल्वेही आहे, पण तिला वेळ फार लागतो. बहुतेक प्रवासी सकाळी येऊन संध्याकाळी परततात. तसे करू नये. शेवटची पर्यटकांची बस गेली की दगडी गल्ल्या शांत होतात आणि गावाचा खरा चेहरा दिसतो.

लेर देव्हगारच्या संस्थापकांच्या पुढाकाराने आणि गावाच्या नगरपालिकेच्या साथीने इथल्या रिकाम्या पडलेल्या वास्तूंमध्ये पुस्तकदुकाने उघडली गेली आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ओबिदुशला साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले, तेव्हा वेल्समधील हे-ऑन-वाय हा आदर्श समोर होता. ओबिदुशची जातकुळी तीच आहे. फरक असा की भिलारमध्ये घराघरांत बसून पुस्तके वाचायची असतात आणि ओबिदुशमध्ये ती विकत घ्यायची असतात.

गावाच्या वेशीतून सरळ जाणाऱ्या रुआ दिरेइताच्या शेवटी, किल्ल्याला लागून सांतियागू चर्च आहे. लिस्बन उद्ध्वस्त करणाऱ्या त्याच १७५५ च्या भूकंपात ते पडले आणि पुन्हा बांधले गेले. आता त्याच्या पांढऱ्या भिंतींना लागून लाकडी कपाटे आहेत, वर जाण्यासाठी लाकडी पायऱ्या आहेत आणि समोर वेदी जशीच्या तशी आहे. कपाटे अशा रीतीने मांडली आहेत की आत पाऊल ठेवताच नजर प्रथम वेदीकडेच जाते. चर्च आता पूजेसाठी वापरात नसले तरी आवाज हळू ठेवावा. दुसरे दुकान भाजीबाजाराच्या वास्तूत आहे: भिंतभर फळांच्या लाकडी खोक्यांची कपाटे, त्यांत बहुतांशी जुनी पुस्तके, आणि शेजारीच सेंद्रिय भाजी. स्वस्तात जुने काही घ्यायचे तर इथेच घ्यावे. मुक्कामासाठी पुस्तकांनी भरलेले ‘लिटररी मॅन’ हे हॉटेल आहे. ते महाग वाटल्यास गावात साधी अतिथिगृहेही मिळतात. तटावरून फिरता येते, पण आतल्या बाजूला कठडा नाही. लहान मुले बरोबर असतील तर वर चढू नये.

आठवी पायरी : पोर्तो आणि लेलो

पोर्तोच्या काम्पान्या स्थानकावर उतरून उपनगरी गाडीने साओ बेंतूला यावे. त्या स्थानकाच्या दालनात सुमारे २०,००० अझुलेझूंवर देशाचा इतिहास रंगवलेला आहे. तिथून क्लेरिगुश मनोऱ्याच्या दिशेने चढत गेले की रुआ दश कार्मेलिताशवर लेलो आहे.

लेलोत प्रवेशासाठी पैसे घेतात याची अनेकांना खंत वाटते. त्यामागचे कारण समजून घ्यावे. २०१५ पूर्वी रोज हजारो लोक फुकट आत येत, जिन्यावर उभे राहून छायाचित्रे काढत आणि एकही पुस्तक न घेता निघून जात. खरा ग्राहक दारातूनच परत फिरे. म्हणून त्या वर्षी प्रवेशपत्र सुरू झाले, आणि त्याची रक्कम पुस्तकाच्या किमतीतून वजा होते. म्हणजे जो पुस्तक घेतो त्याला प्रवेश फुकटच पडतो. दुकानाने स्वतः काढलेल्या अभिजात साहित्याच्या छोट्या, देखण्या आवृत्त्या मिळतात. प्रवेशपत्राची रक्कम वळती करून घेण्यासाठी त्या सोयीच्या आहेत. प्रवेशपत्र दुकानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे आणि दिवसाची पहिली वेळ निवडावी. पुढच्या वेळांमध्ये आधीचे लोक आतच असतात.

आत गेल्यावर जिन्याकडे धावू नये. प्रथम दारातच थांबून जमिनीकडे पाहावे: पुस्तकांची गाडी ढकलण्यासाठी बसवलेले रूळ तिथे अजून आहेत. मग वर पाहावे. रंगीत काचांच्या छतावर ‘देकुस इन लाबोरे’ हे लॅटिन बोधवाक्य आहे. त्याचा अर्थ ‘श्रमातच प्रतिष्ठा’. स्थापत्य अभियंता फ्रान्सिस्कू शाव्हिएर एश्तेव्हश यांनी लेलो बंधूंसाठी ही वास्तू उभारली, आणि लाकडी वाटणारे बरेचसे कोरीव काम प्रत्यक्षात रंगवलेले गिलाव्याचे आहे. हे कळल्यावर त्या कारागिरांविषयीचा आदर वाढतोच. लाल पायऱ्यांचा दुभंगणारा जिना काँक्रीटचा आहे. त्या काळात हे साहित्य नवे होते आणि त्याच्यामुळेच जिना असा आधाराविना वळल्यासारखा दिसू शकला. जिन्यावर थांबून वाट अडवू नये. वर जाऊन उलट बाजूने खाली पाहिले की त्याची वळणे नीट कळतात.

हॅरी पॉटर या मुलांच्या जादूच्या प्रसिद्ध कादंबऱ्यांची कल्पना या दुकानावरून सुचली असे अनेक मार्गदर्शक सांगतात. ते खरे नाही. लेखिका जे. के. रोलिंग पोर्तोमध्ये राहिल्या होत्या, पण या दुकानात आपण कधी गेलोच नव्हतो असे त्यांनी २०२० मध्ये स्वतः स्पष्ट केले.

दुसरा दिवस जुन्या पुस्तकांसाठी ठेवावा. रुआ दश फ्लोरेशवर शामिने दा मोता हे अनेक मजल्यांचे जुने पुस्तकदुकान आहे, जिथे ग्रंथांबरोबर जुनी संगीतयंत्रेही मांडलेली असतात; रुआ दुश मार्तिरेश दा लिबेर्दादवर १९१२ पासूनची लिव्रारिया अकादेमिका आहे. लेलोच्या गर्दीनंतर ही दोन्ही दुकाने फार निवांत वाटतात, आणि गोव्याविषयीचा कागद इथे पुन्हा एकदा दाखवावा.

नववी पायरी : पुस्तके घरी आणणे

पुस्तकांचे वजन शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. पोर्तोला पोहोचल्यावरच सामान तोलून पाहावे. जास्तीची नवी पुस्तके टपालाने पाठवावीत. टपाल कार्यालयावर ‘सीटीटी’ ही लाल पाटी असते. तिथे पुस्तकांसाठी वेगळा दर आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण साध्या पार्सलचा दर फार पडतो. जुनी पुस्तके मात्र टपालाने पाठवू नयेत. ती सुती कापडात गुंडाळून, कणा खाली येईल अशी हातातल्या पिशवीत ठेवावीत. नकाशे आणि सुटी चित्रे दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवून बॅगेच्या पाठीला लावावीत, गुंडाळी करू नये. पावसाळ्यात परत येत असाल तर घरी पोहोचल्यावर जुनी पुस्तके लगेच कपाटात घालू नयेत. दोन आठवडे वेगळी, हवेशीर ठेवून कसर नाही याची खात्री करावी आणि मगच आपल्या अलमारीत इतर पुस्तकांशेजारी लावावीत.